सुटे भाग

आमच्या दुकानात विकायला एकच रोलर होता आणि तो चालत नव्हता. याला दुकान म्हणायचं का, असं मी सत्तावन्न सालात माझ्या भावाला निदान वीस वेळा विचारलं असेल. जैनुद्दीन माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी त्याला भाय म्हणतो. भाय हसायचा आणि माझ्यासाठी चहा मागवायचा. चहा मी प्यायचो, पण राग जायचा नाही.

मूळचे आम्ही दर्यावर्दी. बाबांचे दोन पडाव, म्हणजे मालाची गलबतं, होती. मंगळूरची कौलं मुंबईला न्यायची आणि येताना मिळेल तो माल भरायचा. मग लॉऱ्या आल्या आणि पडाव महिनामहिना खाडीत लोळायला लागले. एक्कावन्न साली बाबांनी दोन्ही विकले आणि रस्ते दाबायच्या रोलरची एजन्सी घेतली. म्हाताऱ्याला दुर्बुद्धी सुचली, असं आमचा सगळा राजीवडा मोहल्ला म्हणाला. बाबांचा हिशेब सरळ होता. ज्या लॉरीनं आपल्याला बुडवलं तिला रस्ता लागतो, आणि रस्त्याला रोलर लागतो.

आणि रोलर खपले. रेल्वेनं कोल्हापूरला यायचे आणि तिथून आंबा घाट स्वतःच्या चाकांवर उतरायचे. वर आमचा धाकू मिस्त्री आणि पुढे चालत भाय. रत्नागिरी गाठायला सहा दिवस लागायचे. पाच वर्षांत पाच रोलर गेले. बाबा प्रत्येक ठेकेदाराला सांगायचे, तुझा रोलर उभा राहणार नाही, हा माझा शब्द. ते वारले तेव्हा शब्द भायच्या गळ्यात पडला. सहावा रोलर नाचणे गावाच्या रस्त्यावर आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता, कारण कंपनीची अट होती: दुकानात कायम एक कोरा आणि चालू रोलर दाखवायला असला पाहिजे. नसला तर एजन्सी रद्द.

सत्तावन्न साली परदेशी मालाचे परवाने आखडले आणि सुटे भाग यायचे बंद झाले. दिवाळी झाली, रस्त्यांची कामं सुरू झाली आणि संगमेश्वरचा ठेकेदार काशीराम आमच्या पायरीवर येऊन बसला. त्याच्या रोलरचा डिझेलचा पंप गेला होता. खडी पसरून ठेवलेली आणि तीस माणसं हात बांधून उभी. भायनं धाकूला सांगितलं, आपल्या कोऱ्या रोलरचा पंप काढून दे.

मी आडवा झालो. म्हटलं, एजन्सी या रोलरवर उभी आहे. भाय म्हणाला, "बाबांनी दर्यात कुणाला दोर दिला, तर परत मागितला काय कधी?"

ही आमच्या लोकांची रीत. भर दर्यात दुसऱ्याचं शीड फाटलं, पाणी संपलं, तर आपल्यातलं द्यायचं. पुढे बंदरात तो भेटला तरी विषय काढायचा नाही. एकदा का परत मागितलं, की तो माणूस पुन्हा कधी आपल्याकडे होडी वळवत नाही. दर्यात ठीक आहे. पण जमिनीवर धंदा करताना असली रीत पाळणारा माझा भाऊ जिल्ह्यात एकटाच होता.

पंपामागून राजापूरच्या रावजीला सुकाणूची साखळी गेली. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर शिवाचं काम चालू होतं, त्याला डिझेल फवारायचं नोझल गेलं. पैसा कुणाकडून घेतला नाही. नवीन भाग आला की द्या, असंही भाय म्हणाला नाही. आमच्या रोलरचा रंग मात्र रोज पुसून चकाचक. बडा घर पोकळ वासा.

जानेवारीत कंपनीचं पत्र आलं. गुरुवारी साहेब तपासणीला येणार. मी हबकलो. भाय शांत होता. तो म्हणाला, इंजिनाचं झाकण उघडून दाखवीन, जे केलं ते सांगीन, आणि खोटं वाटलं तर संगमेश्वरला जाऊन बघा म्हणीन. मला वाटलं, हा आपल्या हातानं बाबांची एजन्सी बुडवतोय, आणि कुणीतरी शहाणं व्हायला हवं.

तो शहाणा मी झालो. सोमवारी एसटीनं राजापूरला गेलो, मंगळवारी संगमेश्वरला, बुधवारी सकाळी गणपतीपुळ्याला. एका दिवसासाठी भाग द्या, लगेच आणून देतो, एवढंच म्हणायचं होतं. पण काशीराम माझ्याकडे बघत राहिला.

"शेटनी स्वतः सांगितलान?" त्यानं विचारलं.

माझ्या शब्दावर तो पंप देणार नाही, हे मला दिसत होतं. मी हो म्हटलं. भायनंच पाठवलंय म्हटलं. रावजीलाही तेच सांगून आलो होतो आणि शिवालाही तेच सांगितलं. काशीरामानं पुढे एक शब्द विचारला नाही. पंप खोलायला माणूस लावला, आणि बाकीची माणसं फावडी टाकून आंब्याखाली जाऊन बसली.

बुधवारी दुपारी धाकू भाग बसवत होता, तेवढ्यात भाय आला. साखळी बघितली, पंप बघितला.

"मागितलंस?"

"एका दिवसापुरतं," मी म्हटलं.

तो आत जाऊन बसला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गुरुवारी साहेब आला. धाकूनं इंजिन चालू केलं, रोलर शेडबाहेर गेला आणि परत आला. मी मनातल्या मनात भायला म्हणत होतो, बघ. मग साहेबानं झाकण उघडलं आणि पंपावरून बोट फिरवलं. बोटाला काळं तेल आणि लाल माती लागली. त्यानं खाली वाकून चाकं बघितली. कोल्हापूरहून आल्यावर चाकांना नव्यानं दिलेला रंगही फारसा उडाला नव्हता. चाकं कोरी आणि पंप झिजलेला.

नवे भाग कितीला विकलेत, असं त्यानं विचारलं. बाजारात तेव्हा असले भाग दुप्पट-तिप्पट भावानं काळ्यात जात होते. भाय म्हणाला, विकले नाहीत, दिले. साहेबानं पुन्हा विचारलं, कितीला? भाय म्हणाला, फुकट. साहेब हसला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. भायनं एकदा माझ्याकडे बघितलं. संगमेश्वरला चला, असं त्याला अजूनही म्हणता आलं असतं. पण तिथला रोलर आता पंपाविना उभा होता, आणि तो का उभा आहे हे सांगताना माझं नाव आलं असतं. त्यानं माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिन्ही गावं फिरून भाग परत दिले. फेब्रुवारीत एजन्सी काढून घेतल्याचं पत्र आलं. कारणात काळाबाजार लिहिलं होतं. सबंध जन्मात ज्यानं मापाबाहेर एक पै घेतली नाही, त्याच्या कपाळावर हे. एजन्सी कोल्हापूरच्या एका पेढीकडे गेली.

तरी भाय खचला नाही. जिल्ह्यात आपले पाच रोलर आहेत, धाकू आहे, दुरुस्तीला लोक आपल्याकडेच येतील, असं तो माझ्या भाभीला, हफीजाला, सांगायचा. एजन्सी गेली, माणसं कुठे गेलीत? मी ऐकायचो आणि मान खाली घालायचो.

कोल्हापूरच्या पेढीकडे सुट्या भागांचा जुना साठा होता आणि ठेकेदारांना तिथून भाग मिळायला लागले. एप्रिलमध्ये काशीराम आला. आमचा पंप त्यानं रॉकेलनं धुऊन, गोणपाटात बांधून आणला होता. तो त्यानं टेबलावर ठेवला. भाय म्हणाला, राहू दे, दिलेला तो दिलेला.

"नको शेट," काशीराम म्हणाला. "तुमी मागितलात तेवा कळलां, ह्यो आमचा नव्हता. परत मागणं धाडायची पाळी नको तुमच्यावर."

मी तिथेच उभा होतो. यांनी मागितलं नव्हतं, मी खोटं बोललो, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी गोणपाटाची गाठ सोडायला लागलो. काशीराम चहा न घेता गेला. त्या दिवसाची लाज मला अजून आहे.

आठवड्याभरात रावजीनं राजापूरच्या एसटीतून कंडक्टरबरोबर साखळी पाठवली. चिठ्ठीसुद्धा नाही. दुरुस्तीला कुणी आलं नाही. उरलं शिवाचं नोझल. गणपतीपुळ्याची गाडी यायच्या वेळेला भाय दारात जाऊन उभा राहायचा आणि ती काही न उतरवता पुढे गेली की त्याला हुशारी यायची. भाभी म्हणाली, रोज जेवताना सांगतात, शिवा ठेवील. शिवा नाही परत करायचा.

मेच्या अखेरीस नोझल आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर भायचं नाव नीट लिहिलेलं. धाकूनं ते बसवलं आणि इंजिन हँडलच्या पहिल्या फेऱ्यालाच चालू झालं. पंप, साखळी, नोझल, सगळं जागच्या जागी. दिवाळीनंतर पहिल्यांदा आमच्या दुकानात आमचा स्वतःचा, पुरा, चालू रोलर होता.

भाय आत बसला होता. सगळ्यांनी परत दिलं का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सगळ्यांनी. मग मला राहवेना. मी त्याच्या समोर जमिनीवर बसलो.

"भाय, मी त्यांना तुझं नाव सांगितलं होतं. तू मागतोयस म्हणून."

"माहीत हाय," तो म्हणाला. "पण मी मागीन, हे त्यांना खरं वाटलं, मजीद."

बाहेरून धाकू विचारत होता, इंजिन बंद करू का.