तिसऱ्या चेंडूची वाट

घरात तिला सगळे तंद्री म्हणत. पहिल्या दोन हाका वाऱ्यावर जायच्या आणि तिसरीला ती दचकून "काय झालं?" विचारायची. दूध उतू जाताना टक लावून बघत राहील, पण गॅस बंद करायचं तिच्या डोक्यात येणार नाही, अशी तिची ख्याती. कॉलेजच्या संघात रोबोट स्पर्धेसाठी चेंडू फेकणारं यंत्र बनवायचं काम तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा आईने कपाळाला हात लावला. तंद्री मात्र हरखून गेली.

अडचण जागेची होती. वर्कशॉपचं छत बुटकं. चेंडू वर चढायच्या आतच पंख्यावर आपटायचा. शेवटी मामा धावून आला. तो एका पोहण्याच्या तलावाची देखभाल करायचा. तळाच्या फरशा सुटल्या होत्या, म्हणून पाणी उपसून टाकलं होतं.

"पंधरा दिवस तलाव तुमचा," मामा म्हणाला. "सोळाव्या दिवशी मी पाणी भरणार. मग त्या रोबोटला पोहायला शिकवा."

रोज दुपारी तंद्री आणि तिची मैत्रीण भिंगरी शिडीवरून त्या कोरड्या तलावात उतरायच्या. भिंगरीला हे नाव शोभायचं. ती एका जागी ठरायचीच नाही. यंत्राचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता आणि स्पर्धेत रोबोट चालवणारही तीच होती. खाली सगळं निळं होतं. फरशा निळ्या, त्यांच्यावरून भिंतीवर चढणारा उजेडही निळसर. बोललेला शब्द भिंतींना लागून सावकाश परत यायचा. खोल बाजूला रोबोट आणि उथळ बाजूच्या कठड्याला बांधलेली बिनबुडाची बादली. स्पंजचा पिवळा चेंडू दोन फिरत्या चाकांच्या मधून सुटायचा, वर चढायचा, क्षणभर कुठेच जायचं नाही असं ठरवल्यासारखा थबकायचा आणि बादलीतून खाली पडून उतारावरून गडगडत त्यांच्या पायाशी यायचा. तंद्री तासन्‌तास बघत बसायची. हे काम आहे, हेच ती विसरून जायची.

पण तिसरा चेंडू दगा द्यायचा. एका दमात तीन चेंडू सोडले की दोन बादलीत जायचे आणि तिसरा हातभर अलीकडे धप्पकन पडायचा. प्रत्येक चेंडू जाताना चाकाचा थोडा वेग घेऊन जायचा, आणि तिसऱ्याच्या वाट्याला दमलेलं चाक यायचं. मोठी मोटर नियमात बसत नव्हती. चाक जड करावं तर वजनाची मर्यादा आधीच गाठलेली.

"थोडा वर नेम धरून मारू," भिंगरी म्हणाली. मग पहिले दोन बादलीवरून पार झाले.

नवव्या दिवशी भिंगरी चेंडूवर चेंडू सोडत होती आणि तंद्री उतारावर उताणी पडून डोळे मिटून ऐकत होती. शेजारी मामा फरशांच्या फटी भरत होता.

"हा पडणार," तंद्री पुटपुटली. धप्प. "हा जाणार. हाही. हा पडणार."

मामाचा हात थांबला. "डोळे उघडे आहेत का गं तुझे?"

"नाही."

मामाने खांद्यावरचा पंचा तिच्या डोळ्यांवर बांधला आणि भिंगरीला खूण केली. वीस चेंडू झाले. तंद्रीने अठरा बरोबर सांगितले, तेही चेंडू सुटण्याआधी.

"कॉलेज सोड आणि भविष्य सांगायला बस," मामा म्हणाला. "कळतं कसं तुला?"

"चाकाचा आवाज उतरतो. मग हळूहळू वर चढतो. पुरता चढायच्या आत चेंडू आत गेला, तर पडतो." आणि मग पंचा ओढून ती ताडकन उठून बसली. "भिंगरे, तिसऱ्याला थांबवून ठेवू. चाक तयार झालं की सोडू."

भिंगरीचा चेहरा पडला. "थांबवू? दोन मिनिटांचा सामना असतो, बाई! तेवढ्यात दुसरे चार मारतील."

तरी पट्टी करायचं ठरलं. चेंडूंच्या नळीच्या तोंडाशी एक छोटी पट्टी. सेन्सरने चाकाच्या फेऱ्या मोजायच्या आणि आकडा भरला की पट्टी उघडायची. प्लॅस्टिकची पट्टी मोडली. पत्र्याच्या पट्टीने चेंडू सोलून काढले. शेवटी मामाच्या स्लिपरचा तळ कापला, तो चपखल बसला.

"एका पायाची रोबोटला दिली," मामा म्हणाला. "आता मी लंगडी घालत हिंडू का?"

स्पर्धेच्या हॉलमध्ये कान फुटतील असा गोंगाट होता. गटातल्या तीनपैकी पहिल्या सामन्यात भिंगरीने बटण दाबलं. दोन चेंडू गेले, तिसरा पट्टीमागे थांबला. तिचा धीर सुटला. तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि वैतागून रोबोट पुढे काढला. नेमकी तेव्हाच पट्टी उघडली. चेंडू पंचांच्या टेबलावर. सामना हातचा गेला.

"बघितलंस तुझं थांबणं?" ती तंद्रीवर खेकसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तंद्री तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "तू रोबोट हलवलास म्हणून चेंडू गेला. पुढच्या वेळी बटण दाब आणि हात मांडीवर ठेव. मी 'आता' म्हटलं की चालव."

पुढच्या सामन्यात भिंगरीने हात मांडीवर ठेवले, मुठी आवळून. तंद्रीने डोळे मिटले. एवढ्या कोलाहलात चाकाचा आवाज कुठला ऐकू येणार! पण त्याला किती वेळ लागतो हे आता तिच्या अंगात मुरलं होतं. तलावातला तो निळा उजेड तिच्या पापण्यांमागे पसरला आणि हॉल कुठेतरी लांब गेला. एक. दोन. मग एक लांबलचक शांत जागा. तीन.

"आता," ती म्हणाली.

तो सामना आणि त्याच्या पुढचाही त्यांनी जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत हरले. समोरच्यांनी बेदरकारपणे वीस चेंडू उधळले, त्यातले अकरा आत गेले. यांनी नऊ मारले आणि नऊच्या नऊ आत गेले, पण अकरा ते अकराच.

सामान आवरताना त्याच संघातली एक मुलगी वही घेऊन आली. "तुमचा एकही चुकत नव्हता. कसं काय?"

तंद्रीने यंत्राचं झाकण काढलं. चाक, सेन्सर, स्लिपरची पट्टी, किती फेऱ्यांवर उघडायची, सगळं दाखवलं. मुलगी लिहून घेऊन, दोनदा आभार मानून गेली.

"सगळं सांगून टाकलंस?" भिंगरीने विचारलं.

"तिने विचारलं."

"आणि फेऱ्यांचा आकडा काय सांगितलास?"

तंद्रीने सांगितला.

"वेडे, तो जुना आकडा! काल रात्री मी बदलला ना," भिंगरी म्हणाली. हातातला स्क्रूड्रायव्हर तिथेच टाकून, गर्दीतून वाट काढत, "अगं, वहीवाली! थांब, थांब!" असं ओरडत ती त्या मुलीमागे धावत सुटली.