फैजलची शेवटची खरेदी

फैजल शारजात वारला आणि तिथल्याच मातीत गेला. रोह्याजवळच्या अष्टमी गावात आली ती फक्त त्याची बॅग.

ती घेऊन आला लियाकत. तो पलीकडच्या मोहल्ल्यातला, शारजात फैजलच्याच खोलीत राहणारा. त्याने बॅग ओसरीवर ठेवली, फैजलच्या वडिलांचे, कमरुद्दीनचे हात हातात घेतले आणि निघून गेला. बॅग फैजलच्या अम्मीने, सलीमाने उघडली. कोणाला हात लावू दिला नाही. एकेक कपडा काढून तिने नाकाशी नेला आणि घडी करून बाजूला ठेवला. अत्तराची कुपी निघाली. तिच्या दुखऱ्या टाचांसाठी घेतलेल्या मऊ चपला निघाल्या. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक खोका होता.

"हिना, ह्ये तुझं असंल गो," ती लेकीला म्हणाली.

हिनाने खोका पाहिला आणि ओळखला. आत प्रोसेसर होता. घरच्या कॉम्प्युटरला आता तेवढाच कमी होता.

हा कॉम्प्युटर दोघा भावंडांनी वर्षभर मनात बांधला होता. हिना बारावी झाली, रोह्याच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकली, आणि धाटावच्या एका कंपनीत ऑफिसचं काम मिळत असताना कमरुद्दीनने तिला पाठवलं नाही. भांडण झालं. फैजलने शारजाहून फोनवर सांगितलं, "तू कशाला कंपनीत जातेस? कॉम्प्युटर घरात ठेव. लोक तुझ्या दारात येतील." तयार कॉम्प्युटर विकत घेणं झेपणारं नव्हतं, पण एकेक भाग घेऊन तो घरी जोडता येतो हे हिना क्लासमध्ये शिकली होती. रमजान ईदला गावी येणाऱ्या एका माणसाबरोबर फैजलने मदरबोर्ड पाठवला. सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती ही हिरवी पाटी हिनाने पिशवीसकट कपाटात ठेवली आणि मग पाटीला जुळेल असंच एकेक घेत गेली. कॅबिनेट पेणहून आलं, रॅम आली, हार्ड डिस्क आली. मॉनिटर कोणाच्या तरी ऑफिसातला जुना मिळाला. प्रोसेसर फैजल पाठवणार होता. बोर्डाचा नंबर तिने त्याला फोनवर दोनदा सांगितला होता.

दुपारी अम्मी नमाजला बसल्यावर तिने खोका उघडला. आतली वस्तू बाहेर काढली.

तिला हवा होता तो चौकोनी, बिस्किटाएवढा, खाली बारीक पिना असलेला प्रोसेसर. हातात आली होती एक लांबट काळी पेटी, पुस्तकासारखी उभी राहणारी, एका कडेला सोनेरी पट्ट्या असलेली. पेंटियम टू, नव्या पद्धतीचा प्रोसेसर. ती त्या बोर्डावर बसणार नाही हे तिला पाहताक्षणी कळलं. तरी तिने बोर्ड काढला, पेटी त्याच्यावर इथून तिथून धरून पाहिली. बोर्डावर चौकोनी बैठक होती आणि पेटीला लागत होती लांब खाच. तिने दोन्ही वस्तू पुन्हा बांधून ठेवल्या.

संध्याकाळी सलीमा म्हणाली, "बसव गो ती त्याची वस्तू. सुरू झालेली बघू दे मला."

"बसवते," हिना म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा अम्मीने विचारलं तेव्हा तिला खरं सांगावं लागलं.

सलीमाला ते पटलं नाही. पोराने चुकीची वस्तू घेतली असं कोणी म्हटलेलंच तिला चालत नव्हतं. "तुला जमत नसंल. जाणत्या माणसाला दाखवू," ती म्हणाली, आणि बुरखा चढवून स्वतःच निघाली. कुंडलिकेचा पूल ओलांडून दोघी रोह्याच्या स्टँडवर आल्या आणि पेणच्या एसटीत बसल्या. नागोठणं गेलं, वडखळला गाडी ट्रकांच्या मागे रखडली. सगळा वेळ सलीमाने बोर्डाची पिशवी मांडीवर धरली होती. कंडक्टरने वर ठेवायला सांगितली तरी ठेवली नाही.

पेणला निलेशचं दुकान होतं. निलेश गागोद्याचा, आधी रोह्याच्या क्लासमध्ये शिकवायचा, तिथेच हिना त्याच्याकडे शिकली होती. आता तो कॉम्प्युटर जोडून विकायचा. फैजलचं त्याला कळलं होतं. त्याने सलीमाला आपली खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि मग दोन्ही वस्तू टेबलावर घेतल्या.

"सर, काहीच होणार नाय का?" हिनाने विचारलं.

"नाय. हा उभा बसतो, खाचेत. तुझ्या बोर्डाला खाचच नाय."

"मग कसं करायचं?" सलीमा म्हणाली.

निलेशने पेटी अलगद खाली ठेवली. "चाची, सोपं सांगतो. बोर्ड ठेवलात तर हा प्रोसेसर मला द्या, बदल्यात मी त्या बोर्डाचा देतो. बाकीचं तिने घेतलंय ते सगळं चालंल. हाच प्रोसेसर ठेवायचा असंल तर बोर्ड बदलायला लागंल. आणि नवा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसत नाय. कॅबिनेट गेलं, त्याच्यातला वीज देणारा डबा गेला, कीबोर्डची पिनसुद्धा बदलंल. पहिलं बरं पडंल."

"म्हंजे त्याच्या दोन वस्तूंतली एक द्यायची."

"व्हय."

"नाय द्यायची," सलीमा म्हणाली आणि तिने बोर्ड पिशवीत भरला.

"चाची, घरी ठेवून त्याचा उपयोग—"

"नाय होऊ दे उपयोग."

घरी आल्यावर सलीमाने दोन्ही वस्तू फैजलच्या कपड्यांत ठेवल्या आणि कपाटाची किल्ली कमरेला लावली. कमरुद्दीन ओसरीवर बसून होता. पेणला काय झालं हे त्याने विचारलं नाही. लेक गेल्याची खबर आल्यापासून तो कोणालाच काही विचारत नव्हता. शेतावर जायचा, यायचा, पुढ्यात येईल ते जेवायचा.

सुट्टी संपत आली तसा लियाकत निरोप घ्यायला आला. सलीमा आत चहा करत होती. हिनाला एक गोष्ट राहून राहून टोचत होती, ती तिने विचारली.

"लियाकतभाई, मी त्याला बोर्डाचा नंबर सांगितला होता. त्याने लिहूनसुद्धा घेतला होता. मग असा कसा घेतला त्याने?"

"चुकून नाय घेतला," लियाकत म्हणाला. "मी होतो ना संगती. दुकानदार म्हणला, तुझा बोर्ड आता जुना झाला, त्याच्यावर पैसा घालू नको, बहिणीला घ्यायचं तर नवं घे. फैजलने दोन्ही हातात घेऊन बघितले. म्हणला, हिनाला पुन्हा पुन्हा बदलायला नको. हा आज घेतो, ह्याचा बोर्ड मी येताना आणीन. तिला अचानक दाखवायचा."

चूक नव्हती तर. हिनाला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच भरात ती पुढे म्हणाली, "कधी गेला होतात तुम्ही?"

लियाकतने मान खाली घातली. उत्तर टाळता आलं असतं, पण त्याच्या पोटात ते बरेच दिवस असावं.

"शेवटच्या जुम्म्याला. आदल्या दिवशी छपराच्या पत्र्यावर काम करताना त्याला उलट्या झाल्या होत्या. अंग तापलं होतं. मी म्हणलं, पडून ऱ्हा, सुट्टी हाय. तो म्हणला, जुम्म्याशिवाय बाजार कधी करणार? बस मिळाली नाय, आम्ही उन्हातून बरंच चाललो. शनिवारी तो परत पत्र्यावर चढला. मुकादमाला म्हणला, बरं वाटत नाय. मुकादम म्हणला, दुपारी बघू." तो थांबला. "दुपारी खाली आणला तेव्हा तो कोणाला ओळखत नव्हता."

स्वयंपाकघराच्या दारात कप खाली पडला.

सलीमा तिथे उभी होती. तिने लियाकतकडे पाहिलंही नाही. ती हिनाकडे बघत होती.

"ताप अंगात घेऊन तुझ्यासाठी गेला," ती म्हणाली. "तुझ्या मशीनसाठी."

"अम्मी, मला काय म्हाईत..."

"निजून राहिला असता. एक दिवस निजला असता तर."

लियाकत घाईने उठला, चपला घालून निघून गेला. सलीमाने कपाट उघडलं, बोर्ड आणि प्रोसेसर काढले आणि हिनाच्या पुढ्यात टाकले. "घे. घाल तुझ्या मशीनमध्ये नाय तर खाडीत टाक. माझ्या पोराच्या कपड्यांत नको."

त्या दिवसापासून ती हिनाशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण हाक मारायची नाही. हिनाने ठरवलं की सगळं निलेशकडे देऊन टाकायचं, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, एकूण एक. ती खोकी बांधू लागली. कमरुद्दीन दारात येऊन उभा राहिला.

"कुठं निघालीस?"

"पेणला. विकून टाकते."

तो आत आला. सलीमा चुलीपाशी बसली होती, तिला ऐकू जाईल असा उभा राहिला. इतक्या दिवसांत तो एवढं एकदम बोलला नव्हता.

"सलीमा, बाजार नव्हता तो. पत्रा होता. मी कुवेतला असताना आम्हालापण चढवायचे. हात ठेवला तर कातडी चिकटायची. माझ्या बाजूचा एक माणूस खाली बसला तो उठलाच नाय. त्याच्या मरणाच्या कागदावर पण फैजलसारखंच लिहिलं, दिल बंद पडलं. सगळ्यांच्या कागदावर तेच लिहितात. मला म्हाईत होतं. तरी मीच फैजलला एजंटकडे घेऊन गेलो."

सलीमाने विस्तव पुढे सारला. म्हणाली, "मग मला का नाय सांगितलं तेव्हा?"

कमरुद्दीन वळला, हिनाने बांधलेलं मोठं खोकं उचललं आणि म्हणाला, "विकायचं नाय. त्याने जो घेतला त्याला जुळणारा बोर्ड घ्यायचा. चल."

पेणला निलेशने जुना बोर्ड आणि कॅबिनेट ठेवून घेतलं, बदल्यात नवा बोर्ड आणि त्याच्या मापाचं कॅबिनेट दिलं, आणि वरचा फरक कमरुद्दीनने भागवला. जोडणी हिनाने स्वतः केली, निलेश नुसता बाजूला उभा राहिला. काळी पेटी खाचेत सरळ उतरली आणि दोन्ही बाजूंना टक् आवाज झाला. पडद्यावर अक्षरं आली. आधी प्रोसेसरचं नाव, मग रॅमचा आकडा भराभर चढत गेला.

"झालं, अब्बा," हिना म्हणाली.

कमरुद्दीन पडद्याकडे बघत होता. "ह्येच त्याने घेतलेलं?"

"व्हय, त्याचंच नाव आलंय वर."

त्याला फैजलचं नाव म्हटलंय असं वाटलं असावं. तो पुढे वाकून शोधू लागला. हिनाने त्याला समजावून सांगितलं नाही. निलेशने तोंड फिरवलं आणि उगाच वायर गुंडाळत बसला.

कॉम्प्युटर ओसरीलगतच्या खोलीत लागला. शाळेच्या प्रश्नपत्रिका आल्या, लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर आला, नंतर एक सेकंडहँड प्रिंटर आला. फैजल म्हणाला होता तसे लोक दारात येऊ लागले. सलीमा त्यांना पाणी द्यायची, पण तांब्या उंबऱ्यावर ठेवायची. त्या खोलीत तिने पाऊल टाकलं नाही. हिनाशी ती हळूहळू कामापुरती बोलू लागली. कमरुद्दीनशी तेवढंही नाही.

थंडीत एक दिवस साहिल नावाचा मोहल्ल्यातलाच तरुण बायोडेटा टाइप करायला आला. हिनाने नाव, वडिलांचं नाव, शिक्षण घातलं.

"कुठल्या कामासाठी लिहू?"

"गल्फला जायचंय. स्टोअरकीपर लिही. एजंट म्हणला, स्टोअरमध्येच काम हाय."

हिनाचे हात थांबले. मागे उंबऱ्यावर तांब्या ठेवल्याचा आवाज आला, आणि या वेळी सलीमा लगेच परत गेली नाही.

"फैजललापण स्टोअरच सांगितलं होतं," ती दारातून म्हणाली.

साहिल ओशाळला. "म्हाईत हाय चाची."

"मग कशाला जातोस रे?"

"दोन बहिणी हायत," तो म्हणाला. "इकडं काय हाय?"

सलीमा खोलीत आली. पहिल्यांदाच. कॉम्प्युटरकडे न बघता ती साहिलच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याचा चेहरा न्याहाळू लागली. शेवटी म्हणाली, "पत्र्यावर चढवला तर चढू नको. तिकीट काढून परत ये. कोणासाठी बाजारात जाऊ नको."

"नाय जाणार, चाची."

ती निघून गेली. हिनाने स्टोअरकीपर असं लिहिलं आणि प्रिंट दिली. प्रिंटर करकरत एकेक ओळ कागदावर उतरवत राहिला. साहिलने कागद हातात घेऊन वाचला, खूश झाला.

"आणखी एक काढ ना," तो म्हणाला. "दुसऱ्या एजंटलापण देऊन ठेवतो."

हिनाने प्रिंटरमध्ये दुसरा कागद घातला.