उजवा कोबाल्ट

संगमेशनं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली ती कोबाल्टपायी. बायकोनं, दानेश्वरीनं, माहेरी नुसतं ‘शिकायला’ म्हणून सांगितलं. कोबाल्ट म्हटलं असतं तर ही कोण बया, म्हणून चौकशा झाल्या असत्या.

कोल्हापुरात त्याच्या पीएच.डी.चा विषय होता कोबाल्टचं एक नारिंगी संयुग. त्याचे रेणू माणसाच्या हातांसारखे, काही डावे, काही उजवे. उजवे प्रकाशाला एकीकडं पिळतात, डावे दुसरीकडं. निम्मे-निम्मे असले की फिटंफाट, हाती शून्य. चिंचेतल्या आम्लाची मदत घेऊन त्यातले उजवे तेवढे वेचण्यात संगमेशची उमेदीची वर्षं गेली. आता बंगळूरच्या यंत्रावर त्यांचा आलेख काढला की प्रबंध पुरा. यंत्राची पाळी मिळाली अठ्ठ्याण्णवच्या मार्चात, आणि पीएच.डी.च्या नोंदणीची मुदतही त्याच महिन्यात संपत होती. ती चुकली तर कॉलेजातली ठरलेली नोकरी दुसऱ्याची.

निघायच्या सकाळी द्रावण जरा गढूळ दिसलं. कारखान्यात असला नमुना कुणी तपासायच्या नळीजवळ नेऊ दिला नसता. संगमेशनं सवयीनं होतं तेवढं सगळं गरम केलं, कोळशाची पूड घातली, ढवळलं, गाळलं. सरबतासारखं नितळ निघालं.

बंगळुरात यंत्राच्या पेनानं कागदावर डोंगरदऱ्या काढायच्या होत्या. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली.

बरोबर आलेले मार्गदर्शक हंबीरराव सर रेघेकडं बघत राहिले.

“संगमेश, ह्येला काय केलंस काय?”

“न्हाय सर. गढूळ हुतं, तेवढं कोळशानं साफ केलं.”

“कोळशानं?”

“पावण्यांच्या दारात घाण घिऊन कसं जायचं?”

सर खुर्चीत बसले. “आरं, कोळसा लागला की ह्यातलं उजवं डावं हुतंय, डावं उजवं. निम्मं-निम्मं झाल्याबिगर थांबत न्हाय ते.”

“मग परत येगळं करू की.”

“वरीस जाईल त्यात.”

“आणि मुदत?”

“मंगळवारपतोर.”

संगमेशनं कागदाची गुंडाळी केली. “रेघ मात्र झकास आलीया, सर.”

सरांनी ते नाकारलं नाही.

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं, तेव्हा संगमेश कारखान्यात जुन्याच स्टुलावर होता, फक्त आता हंगामी. काळपट नमुना आला की कोळसा घालायचा, गाळायचा, नळीत भरून बघायचं. साखर प्रकाशाला इमानानं उजवीकडंच पिळते. तिला कोळशानं काही होत नाही.