तीस तास नुसतं बसायचं

कॉलेजच्या पहिल्याच तासाला डॉ. टिबेट्स यांनी पुठ्ठ्याच्या पाट्या वाटल्या आणि सांगितलं, "शाळेत मुलं तुम्हाला ज्या नावाने हाक मारतील ते नाव लिहा." जोलिन क्रॅबट्रीने फारसा विचार न करता लिहिलं: मिस जोलिन.

डॉ. टिबेट्स तिच्या बाकाशी थांबल्या. "मुलं शिक्षिकेला आडनावाने हाक मारतात."

"मला अकरा वर्षं हेच म्हणतात, मॅडम."

"काय करता तुम्ही शाळेत?"

"वाढते."

टेनेसीच्या आमच्या कोपऱ्यात एवढ्यावर सगळं कळतं. जिला आडनावाने हाक मारतात ती शिकवते. जिच्या पहिल्या नावाला 'मिस' लावतात ती वाढते, पुसते किंवा बस चालवते, मग ती चार नातवंडांची आजी का असेना. हा नियम कुणीच केलेला नाही, त्यामुळे तो मोडायचा अर्ज कुणाकडे करायचा हेही कुणाला माहीत नाही. जोलिनने पाटी उलटी केली, मागे 'मिसेस क्रॅबट्री' असं लिहिलं आणि त्या नावाकडे बघत बसली. मिसेस क्रॅबट्री म्हणजे तिची सासू. ती दर रविवारी चर्चनंतर जेवायला असायची. आता मंगळवारीही समोर येऊन बसली.

आमचं कम्युनिटी कॉलेज एका बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये भरतं. शिक्षणशास्त्राचा वर्ग पूर्वी गोठवलेलं सामान ठेवायचे त्या बाजूला आहे, आणि थंडी त्यांनी तशीच ठेवली आहे. तिथे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींमध्ये त्रेचाळीस वर्षांची जोलिन जाकीट घालून बसायची. तिला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचं होतं. अकरा वर्षं मुलं ट्रे घेऊन तिच्यासमोरून जात होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार सेकंद येत. पाचव्या सेकंदाला काय होतं, हे तिला बघायचं होतं.

त्यासाठी आधी तीस तास नुसतं बसायचं होतं. एका वर्गात मागे बसून निरीक्षण करायचं आणि दिसेल ते वेळ टाकून वहीत लिहायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, मत द्यायचं नाही. शेवटी वर्गशिक्षिकेने वही वाचून तासांच्या कागदावर सही करायची, आणि तो कागद थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दुपारी चारच्या आत कॉलेजात द्यायचा. तीसला एक तास जरी कमी पडला तरी नापास. शाळेने तिला मंगळवार-गुरुवार सकाळी दोन तासांची मोकळीक दिली होती, तीही एकाच सहामाहीपुरती. पुन्हा विचारू नये, असं त्या पत्रातच लिहिलं होतं. म्हणजे हे तास हुकले तर शिक्षिका होणंही हुकलं.

"नुसतं बसायचं?" नवरा लॅनी म्हणाला. "तू? अगं, तू चर्चमध्येसुद्धा दोनदा उठून पंख्याचं बटण बघून येतेस."

वर्ग मिळाला तिच्याच शाळेतल्या दुसरीचा, मिसेस पेट्टस यांचा. मिसेस पेट्टस एकोणतीस वर्षांच्या, नीटनेटक्या. त्यांच्या वर्गातल्या पेन्सिलीसुद्धा टोकं एका दिशेला करून झोपत. जोलिनला मुलांचीच खुर्ची मिळाली. तीत बसलं की गुडघे हनुवटीशी यायचे आणि उजवा गुडघा आपोआप उडायचा. छातीवर 'मिसेस क्रॅबट्री' असं नाव लावलेलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं.

"मिस जोलिन, तुम्ही कुणाचं नाव लावलंय?"

सगळा वर्ग हसला. खिडकीजवळची ब्रिली सगळ्यांच्या मागून हसली.

मग सुरू झालं. मिस जोलिन, ज्यूसचा डबा उघडून द्या ना. मिस जोलिन, आज जेवायला काय आहे? मिस जोलिन, माझी नाडी. जोलिन मनातल्या मनात खुर्चीला बांधून घ्यायची, आणि पुढच्या क्षणी जमिनीवर बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडवत असायची. मिसेस पेट्टसही गोड आवाजात म्हणायच्या, "मिस जोलिन, तेवढं पुसून घेता का? नाहीतरी तुम्ही मोकळ्याच आहात." उठल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि उठल्यावर चैन पडत नव्हतं. घरी आल्यावर ती लॅनीचे मोजे घडी करायची, उलगडायची आणि परत घडी करायची.

दहा तासांनंतर डॉ. टिबेट्स यांनी वही तपासली. लाल पेनाने एकच वाक्य घेरलेलं होतं: 'ब्रिली आळशी आहे.'

"आळस पाहिलात तुम्ही?"

"हो मॅडम. ढळढळीत."

"कसा दिसतो?"

जोलिनने वही आपल्याकडे ओढून ते वाक्य पुन्हा वाचलं. पाठीमागे कॉलेजचं शीतयंत्र घरघरत होतं.

"जे दिसलं ते लिहा," डॉ. टिबेट्स म्हणाल्या. "स्वतः उठलात तर तेही लिहा. किती वाजता, किती वेळ, कशासाठी."

तेव्हापासून जोलिन चिडून लिहायला लागली. चिडून लिहिलेलं बरंचसं खरं निघतं. ८.१४, ब्रिली पान उलटते. शेजारचीने उलटल्यावर. ८.२०, सगळे एकदम वाचतात, ब्रिलीचे ओठ शब्दाच्या मागून हलतात. ८.३१, मी उठले, सांडलेला रंग, बारा मिनिटं. ८.५०, ब्रिली गोष्ट घडाघडा म्हणते, पुस्तक उलटं आहे.

शेवटचं वाक्य लिहून ती थांबली. मग तिला जेवणाची रांग आठवली. फळ्यावर दोन पदार्थ लिहिलेले असतात, मुलांनी एक सांगायचा. ब्रिली तीन वर्षं पुढच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणत आली होती, "तिच्यासारखंच." जोलिनला ते गोड वाटायचं. मैत्रिणी आहेत, एकसारखं खातात. ऑक्टोबरमध्ये एकदा ब्रिली रांगेत पहिली आली, फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला भूक नाहीये." त्या दिवशी फळ्यावर पिझ्झा होता.

ब्रिलीला वाचता येत नव्हतं. वर्गात ती वाचनाच्या सगळ्यात वरच्या गटात होती. त्या गटाचं नाव गरुड. परीक्षा संगणकावर व्हायची आणि संगणक प्रश्न कानात वाचून दाखवायचा. वाचनाची परीक्षा ऐकून पास होता येते, हे मुलीला कळलं होतं, शाळेला कळायचं होतं.

आता अडचण अशी, की हे वहीत लिहायचं तर ती वही मिसेस पेट्टस वाचणार, आणि वाचून मग सही करणार.

"सोमवारी सांग की," लॅनी म्हणाला. "गुरुवारी सही घे, सोमवारी सांग. चार दिवसांत मुलीचं काय बिघडतंय?"

"काही नाही."

"मग झालं तर."

"हो."

त्याने दिवा घालवला. थोड्या वेळाने म्हणाला, "जोलिन, पलंग हलतोय."

"गुडघा आहे."

शेवटचा तास गुरुवारी संपला. मुलं मैदानावर गेली होती. तीस तास भरले होते आणि वहीत सगळं लिहिलेलं होतं, फळ्यावरच्या पिझ्झ्यासकट. मिसेस पेट्टस यांनी उभ्यानेच वही वाचली. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"हे तुम्ही माझ्या वर्गात पाहिलंत?"

"अर्धं. अर्धं रांगेत."

"रांग माझ्या वर्गात येत नाही, मिस जोलिन."

"नाही येत. पण मुलगी तीच येते."

मिसेस पेट्टस खुर्चीत बसल्या आणि वही पुन्हा पहिल्यापासून चाळू लागल्या. या वेळी हातात पेन्सिल होती. "रंग पुसला, बारा मिनिटं. नाड्या, नऊ मिनिटं. ज्यूस, चार. परत नाड्या." त्या पुटपुटत समासात आकडे मांडत गेल्या. "हे निरीक्षण नव्हे. ही मदत झाली. कागदावर स्पष्ट लिहिलंय, मदत मोजायची नाही."

"तुम्हीच सांगितलंत ना पुसायला!"

"मी विनंती केली होती."

बेरीज नव्वद मिनिटं आली. मिसेस पेट्टस यांनी कागदावर 'साडेअठ्ठावीस' लिहिलं आणि वळणदार सही केली. जोलिनने आयुष्यात पहिल्यांदा इतकं काटेकोर खरं लिहिलं होतं, आणि त्याचा उपयोग ताबडतोब झाला होता.

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला.

"आमचं गरुडांचं पुस्तक तिने पाठ केलं असेल, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं काही नाही. मत द्यायचं नाही."

मिसेस पेट्टस खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर ब्रिली झोपाळ्यावर उभी राहून कुणालातरी नियम समजावून सांगत होती. "उद्या सकाळी मी तिला नवं पुस्तक घेऊन बसवते," त्या म्हणाल्या. मग पेन्सिल सरळ ठेवत, "साडेनऊ ते अकरा. यायचं असेल तर या. हलायचं मात्र नाही."

शुक्रवारी अकरा वाजता शाळेत थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं. मुलांचे आजी-आजोबा येतात, टर्की पक्षी भाजतात, वर्षातली सगळ्यात मोठी पंगत. स्वयंपाकघराची मुखत्यार मिस अर्लीन, वय अडुसष्ट. तिने ऐकून घेतलं आणि मोठा डाव खाली ठेवला.

"तीनशे म्हातारे येणार आणि तू बसणार?"

"दीड तास फक्त."

"टर्कीला सांग तसं."

"अर्लीन, आज चार वाजता कागद द्यायचाय. नाहीतर मी इथेच."

"इथे काय वाईट आहे गं?"

जोलिनकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते अर्लीनला ऐकवण्यासारखं नव्हतं. अर्लीनने डाव परत उचलला. "पोरी, मी तुला जा म्हणत नाही," ती म्हणाली. "जाऊ नको असंही म्हणत नाही. हाक मात्र मारणार. माझं काम आहे ते."

साडेनऊला जोलिन खुर्चीत बसली. बाकीची मुलं कागदाच्या टर्क्या रंगवत होती. कोपऱ्यातल्या टेबलाशी मिसेस पेट्टस आणि ब्रिली. नवं पुस्तक उघडलं. ब्रिलीने चित्राकडे पाहिलं आणि एक सुंदर गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्या पानावर तसलं काही नव्हतं. मिसेस पेट्टस यांनी चित्रावर हात ठेवला.

ब्रिलीची गोष्ट तिथेच थांबली. तिने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. मग तिने थेट जोलिनकडे पाहिलं. शब्द चार अक्षरांचा होता आणि तो जोलिनला इथूनही दिसत होता. नुसते ओठ हलवले असते तरी पुरलं असतं. तिचे ओठ सुटायलाही लागले होते. तिने पेनाचं टोपण दातांत धरलं.

भिंतीवरचा कर्णा खरखरला. "मिस जोलिन, स्वयंपाकघरात या. मिस जोलिन."

वीस डोकी मागे वळली. मिसेस पेट्टस यांनीही पाहिलं. खाली फरशीवर एकाची रंगाची बाटली आडवी झाली आणि निळा ओघळ जोलिनच्या बुटाकडे निघाला. तिने बूट उचलला. बाकी काही उचललं नाही.

तिने लिहिलं: ९.५१, ब्रिलीचं बोट शब्दावर आहे. बोट हललेलं नाही.

"मिस जोलिन! रस्सा लागतोय!" कर्णा म्हणाला. त्यापाठोपाठ रस्सा लागल्याचा वासही आला.

दोन्ही गुडघे उडत होते. तिने त्यांवर वही दाबून धरली, त्यामुळे पुढचं अक्षर वाकडं आलं. ९.५८, ब्रिलीने पहिल्या अक्षराचा आवाज केला. चुकीचा. ९.५९, पुन्हा केला.

अकरा वाजायला अजून एक तास आणि एक मिनिट होतं.