पाडव्याची उडी

नूतनताई पुण्याहून टेम्पोत दोन पिंजरे घालून आल्या, त्या दिवशी म्हादूनं आत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं सरला. तोंड हरणाचं, कान सशाचे, शेपूट घोरपडीसारखं जाड, आणि पुढचे दोन्ही पाय छातीशी धरलेले, कुणाची तरी माफी मागायला आल्यासारखे.

“ताई, ह्ये काय धरून आणलंया?”

“वॉलबी. कांगारूचं धाकटं भावंड समजा. आणि धरून नाही आणलं म्हादूभाऊ, रीतसर घेतलंय. कागद आहेत.”

कागद घेऊन म्हादू काय करणार होता? ताईंच्या बंगल्याचा राखणदार तो, जनावर राखायचं त्याला होतं. पानशेतच्या पाण्याकाठी पुणेकरांनी बंगले बांधले, बागा राखायला आसपासच्या वाड्यांवरची माणसं ठेवली, आणि दर शनिवारी एकेक हौस गाडीत घालून आणायला लागले. नूतनताईंनी चाळीस वर्षं लोकांचे दात दुरुस्त केले होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियात. तिच्या घरामागच्या कुरणात संध्याकाळची ही जनावरं येतात, असं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या. म्हादूला त्यातून जे समजायचं ते समजलं, आणि त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

नराचं नाव बोरू, मादीचं बकुळ. बागेच्या फाटकाजवळच्या अर्ध्या भागाला सहा फूट उंच जाळी मारली होती आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड होती. पहिले पंधरा दिवस दोघं शेडबाहेर येईनात. म्हादू रोज सकाळी जाळीच्या आत उकिडवा बसायचा, हातात रताळ्याची फोड धरून. हलायचा नाही, बोलायचा नाही. सोळाव्या दिवशी बोरू आला आणि पुढच्या दोन्ही हातांनी त्यानं म्हादूचं बोट धरलं, मग रताळं खाल्लं. म्हादूची बायको सगुणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. नवऱ्याचा चेहरा तिनं सहा वर्षांत असा पाहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी म्हादूची बासष्ट मेंढरं होती. कामथडीला एका शेतकऱ्याच्या रानात ती खतासाठी बसवली होती, तिथं रोग शिरला आणि पंधरा दिवसांत वाडा रिकामा झाला. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, लस सांगितली, सगळं सांगितलं. म्हादूनं मान हलवली, पण त्याच्या लेखी कारण वेगळं होतं. त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला सगुणा दवाखान्यात होती आणि मेंढरं बुजवायची राहिली होती.

म्हादूचा आजा कोल्हापूरच्या अंगानं वर आला, तो ही रीत घेऊन. पाडव्याच्या सकाळी मेंढरांना हळद लावायची, ओवाळायचं, मग घोंगडी फडकावून, आरोळ्या ठोकून सगळा कळप एकदम बुजवायचा. आडव्या धरलेल्या दोरीवरून तो उधळला पाहिजे. मेंढरू जितकं उंच उडेल तितकं वरीस निरोगी जाणार. अंगात दडलेली पीडा त्या उडीबरोबर बाहेर पडते, असं आजा सांगायचा, आणि आजाच्या वाड्यात कधी रोग शिरला नव्हता. एकच पाडवा चुकला आणि बासष्टच्या बासष्ट गेली. हा हिशेब म्हादूच्या डोक्यातून कुणी काढू शकलं नाही. सगुणानं प्रयत्न करून पाहिला आणि मग नाद सोडला.

भादव्यात बकुळच्या पोटाची पिशवी जड दिसायला लागली. एके दिवशी तिच्यातून एक उघडंवागडं तोंड बाहेर आलं, इकडंतिकडं बघितलं आणि परत आत गेलं. म्हादूनं सगुणाला हाक मारली, दोघं जाळीशी बसून राहिले, पण ते पुन्हा काही दिसलं नाही. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “पिल्लाला सांभाळा, म्हादूभाऊ. बाकी मला काही नको.”

“माझ्या जिवाच्या आत हाय त्ये, ताई,” म्हादू म्हणाला, आणि खरंच तसं होतं.

दसऱ्याच्या सुमारास शेडच्या पत्र्यावर वानर आदळलं. बकुळ जाळीला जाऊन धडकली, पडली, उठली आणि तासभर उभ्या जागी थरथरत राहिली. तोंडातून लाळ गळत होती. ताईंनी पुण्याच्या कुमार डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर फोनवर वीस मिनिटं बोलले. ही जनावरं भीतीनं मरतात, जिवाच्या आकांतानं पळाली की त्यांच्या अंगातलं मांस आतल्या आत सडतं, त्या दिवशी काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतं, हे सगळं त्यांनी ताईंना समजावून सांगितलं. ताईंनी म्हादूला फोन केला तेव्हा त्या गाडीत होत्या आणि पुढं सिग्नल सुटला होता. वीस मिनिटांचं एका वाक्यात आलं.

“दिवाळीत फटाके नकोत, कुत्रं आत नको, मोठा आवाज नको.”

म्हादूनं ते वाक्य देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. शेजारच्या बंगल्याचा राखणदार धनाजी, त्याच्याकडं तो तीनदा गेला. “तुझ्या पाव्हण्यांना सांग, हिकडं फटाके न्हाई. आमची पोटुशी हाय.” धनाजी हसला. “सांगतो की. बाळंतपणाला सुईण पन बगू का?” पण त्यानं पाहुण्यांना सांगितलं, आणि लक्ष्मीपूजनाला त्या बाजूनं एक फुलबाजासुद्धा पेटला नाही. म्हादू संध्याकाळभर जाळीपाशी बसून होता. बकुळ शांत चरत होती. पिल्लू आता लवेनं भरलं होतं, पिशवीतूनच मान काढून गवत खुडत होतं.

तिथंच म्हादूला पाडव्याची आठवण झाली. खरं तर आठवण व्हायला तो कधी विसरलाच नव्हता. गेले पाच पाडवे त्याच्याकडं बुजवायला जनावर नव्हतं, म्हणून तो सकाळी तोंड धुऊन गप्प बसायचा. या पाडव्याला जनावर होतं, आणि तेही कसलं, उडीच मारणारं. वानराच्या दिवसापासून बकुळच्या अंगात काहीतरी बसलं आहे, असं त्याला वाटत होतं. ते काढायला हवं. एकदा चुकलो, आता चुकायचं नाही.

सगुणा म्हणाली, “अवो, ताईंना इचारा की आदी.”

“देवाचं काय इचारून करत्यात व्हय?”

“ती मेंढरं न्हाईत.”

“मंग काय हायत? गवात खात्यात, लेंड्या टाकत्यात, कोकरू अंगावर वागवत्यात. रोग त्यांना न्हाई व्हत का?”

सगुणा चुलीकडं वळली. पुढं आयुष्यभर तिला वाटत राहिलं, की काहीतरी सुचायला हवं होतं.

पाडव्याच्या सकाळी ऊन नुकतंच जाळीवर आलं होतं. म्हादूनं अंघोळ केली, नवं धोतर नेसला, ताम्हणात हळद आणि दिवा घेतला. हळद लावताना बोरूनं त्याचं बोट चाटलं. ढोल मात्र त्यानं मुद्दाम आणला नव्हता. ताईंनी मोठा आवाज नको म्हणून सांगितलं होतं ना, मग आरोळीही दबक्या गळ्यानं द्यायची असं त्यानं ठरवलं. इतका तो सगळं जपून करत होता. शेडच्या खांबाला दोरीचं एक टोक बांधलं आणि दुसरं सगुणाच्या हातात दिलं.

मग त्यानं घोंगडी उलगडली आणि फडकावत धावला.

बोरू जागेवरून सुटला तो सरळ दोरीवर. म्हादूनं आयुष्यात हजारो उड्या पाहिल्या होत्या, अशी एकही नाही. दोरी राहिली खाली, सगुणाच्या डोक्याच्याही वरून ते जनावर गेलं. म्हादूला रडू फुटलं. आजा असता तर, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं पुन्हा घोंगडी फडकावली. बकुळ कोपऱ्यातून कोपऱ्यात सुटली, जाळी, शेड, जाळी, आणि तिसऱ्या खेपेला दोरीवरून गेली. रीत तीन फेऱ्यांची. त्यानं तीन फेऱ्या पुऱ्या केल्या.

“बास करा,” सगुणा म्हणाली. “अवो, बास. त्ये बगा.”

गवतात पिल्लू पडलं होतं. पळता पळता बकुळनं पिशवी सैल सोडली होती. म्हादूनं ते उचललं, धोतराच्या सोग्यात गुंडाळलं, छातीशी धरून ऊब दिली. कोकरू थंडावलं तर असंच करतात. ते जिवंत होतं, त्याचं काळीज बोटाखाली धडधडत होतं. बकुळ कोपऱ्यात तोंड उघडं टाकून उभी होती. तिची पिशवी बोटांनी उघडून त्यानं पिल्लू आत सरकवलं, तरी ती हलली नाही. पंधरा दिवस रताळं घेऊन बसावं लागलं होतं, आणि आज अंगाला हात लावून देते, याचा म्हादूला आनंद झाला. ती का हलत नाही, हे त्याच्या मनात आलं नाही.

भाऊबीजेला नूतनताई फराळाचे डबे घेऊन मुक्कामाला आल्या. जनावरं शेडमध्ये होती. “आज बाहेर नाहीत?” त्यांनी विचारलं. “दमल्यात,” म्हादू म्हणाला. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बकुळ उठली नाही. मागचे पाय लाकडासारखे ताठले होते आणि खालचं गवत कॉफीच्या रंगाचं ओलं झालं होतं. पिल्लू पुन्हा बाहेर पडलेलं होतं, रात्रीच कधीतरी गार झालं होतं. कुमार डॉक्टर पुण्याहून यायला तीन तास लागले. सुई दिली, सलाईन लावलं, आणि दुपारी दोनच्या सुमाराला बकुळ गेली. नूतनताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या ताठ बसल्या होत्या आणि डोळे पुसत नव्हत्या.

“फटाके,” त्या म्हणाल्या. “शेजारी. मी त्यांच्यावर तक्रार करणार आहे.”

“फटाक्यांनी एवढं होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हिला कुणीतरी पळवलंय. खूप पळवलंय. कुत्रं शिरलं होतं का, म्हादूभाऊ?”

कुत्रं शिरलं होतं म्हटलं असतं तर कुणीही विश्वास ठेवला असता. जाळीखाली उकरायला पाच मिनिटं पुरली असती. म्हादूच्या मनात ते येऊन गेलं, नाही असं नाही.

“म्या बुजवलं,” तो म्हणाला. “पाडव्याला. तीन फेऱ्या. त्यांच्या बऱ्यासाठी.”

ताईंना कळेना. सगुणानं तोंडाला पदर लावून सगळं सांगितलं, रीत, दोरी, उडी, कामथडीची मेंढरं. ताई ऐकत गेल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, “मी तुम्हाला सांगितलं होतं ना?” एवढंच त्या नजरेत होतं, आणि ताईंनी मान खाली घातली. त्या ओरडल्या असत्या तर म्हादूला बरं वाटलं असतं.

“नर?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर शेडच्या दारात गेले, बराच वेळ थांबले. बोरू भिंतीला पाठ लावून बसला होता. पाय अजून वाकत होते. “हा वाचू शकतो,” ते म्हणाले. “पण आता आणखी एकदा घाबरला तर नाही. पुढचे दहा-बारा दिवस फार जपायचे. खायला लागला तर आशा आहे. दोन दिवस काही खाल्लं नाही म्हणता ना?”

“म्या खायला घालतो,” म्हादू म्हणाला. “माज्या हातचं खातो त्यो.” आणि रताळ्याची फोड घेऊन तो दारातून आत गेला.

बोरूनं त्याला पाहिलं. मान ताठ झाली, नाकपुड्या फुलल्या, आणि त्याचं सगळं अंग कानापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं. त्यानं पळायचा प्रयत्न केला, भिंतीवर आपटला आणि तिथंच चिकटून राहिला. म्हादू होता तिथं थिजला. सोळाव्या दिवशी बसला होता तसा तो हळूच उकिडवा बसला, हात पुढं केला. थरथर वाढली. लाळेची तार खाली आली.

“बाहेर या,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. “मागं मागं सरकत या. त्याच्याकडं बघू नका.”

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “वास लागला तरी त्याला ते सगळं आठवेल. तुम्ही या आवारात नसलेलं बरं.”

“किती दिस?”

“ते नाही सांगता येणार.”

म्हादूनं पिशवीत दोन कपडे भरले. घोंगडी सगुणानं आधीच घडी करून ठेवली होती, तिलाही त्याचाच वास होता, म्हणून तीही घेतली. फाटकातून गेला असता तर शेडवरून जावं लागलं असतं, म्हणून तो मागच्या बांधावरून उतरला, चपला हातात घेऊन. धनाजीनं त्याला पाहिलं आणि थट्टा करायला तोंड उघडलं, पण केली नाही. पानशेतहून एसटी मिळाली, आणि दिवस मावळायच्या आत तो कामथडीला चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन बसला. चुलतभावानं चहा पुढं ठेवला, तो तसाच राहिला.

मग मोबाईल वाजला. सगुणा होती, दबक्या आवाजात बोलत होती.

“खाल्लं का गं त्यानं?”

“व्हय,” ती म्हणाली. “तुमी बांध उतरून गेलासा, आन लगीच उठला. सगळं रताळं खाल्लं.”