बाटल्यांच्या कारखान्यातला मदतीचा फोन

मित्रांनो, मी एक जुना हिरवा टेलिफोन आहे. माझी वायर कधीच काढून टाकली, त्यामुळे आता मला कोणी हॅलो म्हणत नाही. पण जे काम माझ्या वाट्याला आलं, ते फार थोड्या टेलिफोनांना मिळतं.

टेलिफोनच्या कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी माझी घंटा वाजवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "याचा आवाज बघ किती मऊ आहे. दचकायला होत नाही." माझं ते पहिलं कौतुक.

तिथून मी काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कंपनीत आलो. तिचं मुख्य कार्यालय दूर परदेशात होतं. तिथं कामगारांसाठी एक मदत योजना होती. मनावर ओझं असलं की फोन करायचा आणि समुपदेशकाशी बोलायचं. नावसुद्धा सांगायची गरज नाही. त्यांच्याकडे ती छान चालायची. तीच योजना जशीच्या तशी आमच्याकडे आली. मॅनेजरसाहेबांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत मला ठेवलं, समोर समुपदेशक ताई बसल्या आणि माझा नंबर गेटवर रंगवला गेला.

पण मी वाजलोच नाही. खोलीत कोण शिरतं ते साहेबांना काचेतून दिसायचं, म्हणून तिथं कोणी फिरकत नसे. फोन केला तर आवाज ओळखला जाईल आणि डोकं फिरलंय म्हणून नाव पडेल, अशी भीती. ताई रोज मला पुसायच्या आणि वाट बघायच्या. मुख्य कार्यालयातून विचारणा होऊ लागली, की योजना गुंडाळायची का?

अशात एका दुपारी मी वाजलो. पलीकडे एक बाई होत्या, शेजाऱ्यांच्या घरून बोलत होत्या.

"मी कामगार नाही, ताई. माझे मिस्टर भट्टीवर आहेत. मी बोललं तर चालेल का?"

नियमाप्रमाणे चालणार नव्हतं. योजना फक्त कर्मचाऱ्यांसाठी होती. ताईंनी नियमांचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बोला वहिनी. ऐकतेय मी."

भट्टीवर अपघात होऊन त्यांच्या नवऱ्याचा जोडीदार भाजला होता. तो वाचला, पण तेव्हापासून नवऱ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. परवा दूध उतू गेलं, तेव्हा तो नुसत्या आवाजानं अनवाणीच रस्त्यावर पळाला. "विचारलं तर म्हणतात, मला काय धाड भरलीय. पण हात थरथरतात त्यांचे. अशा हातांनी रोज भट्टीसमोर उभे राहतात. मी फोन केलाय हे कळलं तर घर डोक्यावर घेतील."

ताईंनी त्याला खोलीत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्या स्वतःच भट्टीवाल्यांमध्ये जाऊन बसल्या. पुढे काय झालं, ते त्यांनी कुणाचं नाव न घेता मुख्य कार्यालयातल्या साहेबांना फोनवर सांगितलं, तेव्हा मला कळलं. ताईंनी सगळ्यांनाच विचारलं होतं, अपघातानंतर झोप लागते का? जो तो चहा फुंकत राहिला. मग सगळ्यांत थोराड, मिशीवाले काका म्हणाले, "मला नाही लागत." त्यांनी तोंड उघडलं आणि एकेक जण बोलू लागला. शेवटी वहिनींचा नवरा म्हणाला, "मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय."

घरच्यांनाही फोन करू द्या आणि खोली केबिनपासून हलवा, असं ताईंनी सुचवताच पलीकडचे साहेब म्हणाले, "पण बाई, नियम सगळ्या देशांसाठी एकच आहे."

"तुमच्याकडे माणूस एकटा फोन करतो," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे त्याच्याआधी त्याचं घर फोन करतं. त्या घराला नाही कसं म्हणू?"

साहेब भला माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं. नियमात घरच्यांनाही जागा झाली आणि आमची खोली केबिनपासून दूर, सायकल स्टँडकडे हलली. पुढे इतर देशांतल्या शाखाही ताईंना फोन करू लागल्या. एका ठिकाणी कामगार पाच भाषांचे होते, तिथं प्रत्येक भाषेचा समुपदेशक नेमला. दुसरीकडे बायका फक्त बायकांशीच बोलायच्या, तिथं तशी सोय झाली. मदत तीच, पण दार जिथं तिथं वेगळं.

काही दिवसांनी वहिनींचे मिस्टर आपणहून आले. खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "आधी शेजाऱ्यांकडे फोन करून घरी सांगू?" त्यांनी माझा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. शेजाऱ्यांनी वहिनींना बोलावून आणलं.

"अगं, मी बोलतोय. ताईंच्या खोलीतून. जरा उशीर होईल, बोलून येतो."

पलीकडून आधी नुसतं "बरं" आलं. मग वहिनी म्हणाल्या, "सावकाश या."

ते भट्टीवर परतले नाहीत. बाटल्या उजेडात धरून तडा शोधण्याचं काम त्यांना मिळालं आणि त्यांनी ते निवृत्तीपर्यंत मन लावून केलं.

आता मी फळीवर असतो. मित्रांनो, मला कसलीच खंत नाही. ज्यांनी भीत भीत माझा नंबर फिरवला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्या घरातही कधी कोणी कामावरून गप्प गप्प परत येईल. विचारलंत तर म्हणेल, काही नाही. तेव्हा लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ शेजारी बसून राहा.