दोन फळ्यांची मागणी

मी बाक बोलतोय. पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. माझा स्वतःचाच तिच्यावर पुरता विश्वास नाही. अगदी लहानपणचं म्हणून मला जे आठवतं, त्यात माझ्याखालून पाणी वाहतंय. खळखळ ऐकू येतेय आणि खालून गार वारा लागतोय. आता तुम्हीच सांगा, बाकाखालून पाणी कशाला वाहील? बाकाखाली असतात पाय, चपला आणि चघळून चिकटवलेल्या वस्तू. त्यामुळे ही आठवण मी कधी कुणाजवळ बोललो नाही. म्हातारपणी माणसं काहीबाही बोलतात, तसं बाकाचंही होत असेल, असं म्हणून गप्प बसलो.

बाक म्हणून माझा जन्म कसा झाला, ते मात्र त्यापेक्षा बरं आठवतं. ओढ्याकाठच्या वस्तीत नवी शाळा बांधली होती. भिंती होत्या, छप्पर होतं, फळाही होता. बसायला काही नव्हतं. नव्यानं रुजू झालेल्या बाईंनी जिल्हा कचेरीकडे बाकांची मागणी केली, तर उत्तर आलं की यंदा इमारतीसाठी तरतूद आहे, बसण्यासाठी नाही. बाई तेव्हा तरुण होत्या, उत्तर वाचून त्यांना हसू आलं. पुढे पुढे असली उत्तरं वाचून त्यांना हसू येईनासं झालं.

शाळेच्या व्हरांड्यात दोन लांब, जाड फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. दाराची बिजागरी दुरुस्त करायला सुतार आला होता, त्याला बाईंनी त्या दाखवल्या. कुणाच्या म्हणून त्यानं विचारलं. वस्तीत विचारून झालं, कुणालाच माहीत नव्हतं.

"कुणाच्या नाहीत म्हणजे शाळेच्या," बाई म्हणाल्या. "करा यांचा बाक."

एक फळी माझी बैठक झाली, दुसरी पाठ. फळ्यांना टोकाशी भोकं आहेत म्हणून सुतार काहीतरी पुटपुटला, त्यात खुंट्या ठोकल्या, वरून लुकण भरलं आणि रंग मारला. निदान मला तसं वाटतं. रंगाचा वास मात्र नक्की आठवतो.

त्या शाळेत माझं शिक्षण झालं. पहिली ते चौथी मी इतक्या वेळा ऐकली की पाढे, नद्या, पर्वत, व्याकरण, सगळं तोंडपाठ झालं. पुढे ज्या कचेरीत मी इतकी वर्षं काढली, तिथे माझ्याइतकं शिकलेलं कुणी नसेल. पण शिक्षणानं माझं एक नुकसान केलं. कोणतीही गोष्ट ठामपणे म्हणायची सवय गेली. बाई विचारायच्या, "नक्की का?" आणि मुलांआधी माझाच धीर सुटायचा.

मग पट कमी झाला आणि शाळा बंद करायचं ठरलं. ठरावात कारण मोठं छान लिहिलं होतं. ओढ्यावर लाकडी साकव असल्यामुळे मुलांना चालत पलीकडच्या मोठ्या शाळेत जाणं सोयीचं आहे. सामान कचेरीत जमा झालं. खुर्ची कुणीतरी नेली, कपाट कुणीतरी नेलं, आणि मला सभागृहाबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवलं. कामासाठी येणाऱ्यांनी बसायला.

शाळा बंद झाली आणि पुढच्याच वर्षी ओढ्याला मोठा लोंढा आला. एक ओंडका वाहत येऊन साकवावर आदळला आणि मधल्या दोन फळ्या वाहून गेल्या. दोनच. बाकी साकव ठणठणीत. पाणी उतरलेलं असलं की पोरं खालच्या दगडांवरून ओढा ओलांडायची, पाणी चढलं की घरी बसायची. मधल्या रिकाम्या जागेवरून उडी मारायला मोठी माणसंही कचरत, पोरांचं तर सोडाच.

आता बाई पुन्हा माझ्या आयुष्यात आल्या. निवृत्त झालेल्या, केस पिकलेल्या. अंदाजपत्रकाच्या आधी लोकांच्या मागण्या ऐकायची एक सभा असते, तिला त्या यायच्या. बरोबर त्यांची भाची असे. ती भाजीचा टेम्पो चालवायची. तिची मुलगी पलीकडच्या शाळेत होती, नाव पटावर, पण पोर निम्मं वर्ष घरात. मला ओळखून बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, बाकाला काय कुरवाळतेस?" भाची म्हणाली.

"अगं, हा माझा विद्यार्थी आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्यात शांत बसणारा."

मला गहिवरून आलं. कोणी मला विद्यार्थी म्हटलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

पण बाईंचं काम काही होईना. बांधकाम विभाग म्हणे, काठावरचा भाग आमचा, तुटलेल्या फळ्या पाण्याच्या वर आहेत, जलविभागाला विचारा. जलविभाग म्हणे, पाणी आमचं, लाकूड नाही. शिक्षण विभाग म्हणे, मूल शाळेच्या दारात आलं की आमचं, तोवर नाही. पुन्हा बांधकाम विभागाकडे गेल्यावर तिथे नवा साहेब बसलेला. दरवर्षी हेच घोंगडं भिजत. सभागृहाचं दार माझ्या शेजारीच असल्यानं मला आतलं सगळं ऐकू यायचं. सभेचे अध्यक्ष फार गोड बोलायचे. बाईंचं बोलणं संपलं की म्हणायचे, मागणी अत्यंत रास्त आहे. हे वाक्य ऐकलं की मी समजायचो, यंदाही तोंडाला पानं पुसली.

वस्तीतल्या लोकांनी एकदा कंटाळून स्वतःच एक ओंडका टाकला. आठवड्याच्या आत बांधकाम विभागाचा निरीक्षक आला आणि तो काढून घेऊन गेला. सरकारी पुलावर खाजगी लाकूड, अनधिकृत. जो विभाग फळ्या आपल्या नाहीत म्हणत होता, त्याच विभागाला पूल आपला असल्याचं त्या दिवशी बरोबर आठवलं. मला राग येत नाही सहसा. लाकडानं रागावून काय करायचं? पण त्या दिवशी माझा एक सांधा कुरकुरला, तो पुढे कायम कुरकुरत राहिला.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट तर अजून सांगितलीच नाही. मला दरवर्षी रंग मिळायचा. 'फर्निचरची निगा' नावाचं एक लेखाशीर्ष होतं, म्हणजे पैशाचा एक कप्पा. त्यातला पैसा वर्षअखेरीपर्यंत खर्च केला नाही तर पुढच्या वर्षी कप्पाच बंद होतो. म्हणून वर्ष संपत आलं की रंगारी यायचा. जुना रंग चांगला असला तरी त्याच्यावर नवा. मी इतका लठ्ठ झालो की माझे कोपरे गोल झाले. पॅसेजमध्ये ओल्या रंगाचा वास, माझ्यावर 'बसू नये' अशी पाटी, आणि शेजारी बाई उभ्या, दोन फळ्यांसाठी. मला लाज वाटायची. कुणाला सांगणार?

हेडक्लार्क मात्र बाईंना ओळखून होता. त्याला सगळे 'नियमराव' म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं. माणूस वाईट नव्हता. नियमात बसतं ते तो लगेच करायचा, बसत नाही ते त्याच्याकडून ब्रह्मदेवही करवून घेऊ शकला नसता. एकदा सभेनंतर बाई माझ्यावर येऊन बसल्या. भाचीनं पाण्याची बाटली पुढे केली, तीही घेतली नाही. शेवटी म्हणाल्या की पोरीचं नाव गैरहजेरीमुळे पटावरून काढणार आहेत, मोठ्या शाळेतून तसा निरोप आलाय. चौथीतून शाळा सुटली तर ती पोर पुन्हा शाळेत जायची नाही, हे मी किती मुलांचं पाहिलंय.

नियमराव दार लावून बाहेर पडत होता, तो थांबला.

"बाई, साकव मी तुम्हाला देऊ शकत नाही," तो म्हणाला.

"ते कळलं हो. किती वर्षं तेच कळतंय."

"पण हा बाक देऊ शकतो." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "नव्या खुर्च्या येणार आहेत. सार्वजनिक जागी लोकांच्या सोयीसाठी फर्निचर हलवता येतं, मालकी कचेरीचीच राहते. ओढ्याजवळ बसून वाट तरी बघता येईल."

"कशाची वाट?" भाचीनं विचारलं. "पाणी उतरायची?"

तो दाराची कडी पुन्हा ओढून बघू लागला. बाई मात्र एकदम सरळ बसल्या. माझ्या बैठकीवर त्यांनी वीत टेकवून पाहिली, मग दुसरी, मग टोकापर्यंत. चेहरा बघून मला वाटलं, आता त्या गणित घालणार.

"आदेशात 'ओढ्याजवळ' लिहू नका," त्या म्हणाल्या. "'ओढ्यावर' लिहा. ओढ्यावर, लोकांच्या सोयीसाठी."

एवढा शिकलेला मी, पण मला तेव्हा काही उमगलं नाही. नियमरावला उमगलं असावं. तो आत गेला, दिवा पुन्हा लावला आणि आदेश टाइप केला. सही करताना एवढंच म्हणाला, "कुठे ठेवायचा हे नियमात दिलेलं आहे. कसा ठेवायचा हे दिलेलं नाही."

भाचीच्या टेम्पोत कांद्याच्या पोत्यांशेजारी आडवा पडून मी वस्तीत परत आलो. तिथे माझे पाय काढले. मला वाटलं होतं दुखेल, पण तसं काही झालं नाही. माझी बैठक आणि पाठ साकवाच्या मधल्या रिकाम्या जागेत टाकली आणि तारेनं घट्ट बांधली. लांबीला अगदी बरोबर बसलो. बाई म्हणाल्या, नशीब. मी माझ्याखालून वाहणारं पाणी ऐकत होतो आणि माझं डोकं गरगरत होतं. खळखळ आणि गार वारा. पण म्हटलं, आता तू पुलावर आहेस म्हणून जुनी आठवणही पुलाचीच वाटतेय. मन असंच फसवतं. गप्प बस.

पहिल्या दिवशी भाचीची मुलगी माझ्यावरून शाळेत गेली. माझ्यावर तिचं वजन पडलं तेव्हा मी घाबरलो होतो, हे कबूल करतो. ती नाही घाबरली. मधोमध उभी राहून तिनं एकदा पाय आपटून पाहिला आणि चालू लागली.

अपेक्षेप्रमाणे निरीक्षक आलाच. फळ्या काढा म्हणाला. बाईंनी आदेश दाखवला, भाचीनं माझ्या कडेला ठोकलेला पत्र्याचा बिल्ला दाखवला: जिल्हा कचेरी, फर्निचर. दुसऱ्या विभागाची मालमत्ता! हात लावायचा तर त्या विभागाची लेखी संमती हवी, आणि ती मागायची तर आधी हा पूल कुणाचा ते लेखी सांगायला हवं. निरीक्षकानं आदेश दोनदा वाचला.

"म्हणजे हा बाक आहे," तो शेवटी म्हणाला.

"बाकच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बसायचंय का?"

तो परत आला नाही. ज्या गाठी सोडवता सोडवता बाईंचं अर्धं म्हातारपण गेलं, त्याच गाठींनी मला तिथे घट्ट धरून ठेवलं. याचा आनंद मानावा की संताप करावा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा संताप.

कारण साकव आजही कुणाचाच नाही. अंदाजपत्रकात त्याचं नाव नाही. माझं मात्र आहे. दरवर्षी वर्ष संपत आलं की कचेरीचा रंगारी डबा घेऊन ओढ्यावर येतो, मधल्या दोन फळ्यांना रंग देतो आणि जातो. शेजारच्या फळ्या कुजत चालल्या आहेत. त्या मला विचारतात, आमचं काय? मी काय सांगू? तुम्ही फर्निचर नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी सभागृहात बसत असेल, तर एवढंच मागणं आहे. माझा रंग थांबवा आणि तेवढ्यात त्यांचं काहीतरी बघा. मागणी अत्यंत रास्त आहे, असं मात्र म्हणू नका.

आता माझ्या त्या आठवणीचं. भाचीची मुलगी कॉलेजात जाऊ लागली होती, त्या सुमाराची गोष्ट. एका वर्षी रंगारी नवा आला. पायांनी घासून माझ्यावरचा रंग पोपडे धरत होता, म्हणून त्यानं आधी सगळा खरवडून काढायचं ठरवलं. थरामागून थर निघाले, हिरवा, राखाडी, तपकिरी, पुन्हा हिरवा. खाली लाकूड लागलं आणि टोकाशी जुन्या खुंट्या दिसल्या. त्यानं एक खुंटी ठोकून खाली पाडली, भोकाला डोळा लावला आणि काठावर बसलेल्या बाईंना हाक मारली. बाई काठी टेकत आल्या.

"बाई, माझा बाप पुलांच्या कामावर होता," तो म्हणाला. "पूल झाला की दोन जादा फळ्या जागेवर बसवून बघायचे, भोकं पाडायचे आणि काढून जवळच्या शाळेत ठेवून द्यायचे. कधी मोडल्याच तर हाताशी असाव्यात म्हणून. इथे वाकून बघा."

बाई वाकल्या. माझ्या भोकाच्या बरोबर खाली साकवाच्या तुळईला भोक होतं आणि त्यातून पाणी चमकत होतं. त्या माझ्यावरच खाली बसल्या. माझ्या अंगावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी यांच्यावरच बसून याच फळ्या मागत होते."

रंगाऱ्यानं सगळ्या खुंट्या पाडल्या, तारा सोडल्या आणि बोल्ट घातले. नवं भोक एकही पाडावं लागलं नाही.